चिनी पदकांवरचा तपकिरी रंग

काका कुठलीही वस्तू हातात घेण्याआधी तळवा स्वेटरला पुसायचे. मग ती वस्तू तळव्यावर ठेवून खिडकीपाशी जायचे, खिशातलं भिंग डोळ्याला लावायचे आणि म्हणायचे, "थांब. घाईनं बघितलं की आपल्याला हवं तेच दिसतं."

ती वस्तू म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचं पदकच असायचं, असं नाही. एकदा सुपरमार्केटमधून आणलेली कोथिंबिरीची जुडी होती. एकदा माझं युनिव्हर्सिटीचं ओळखपत्र होतं. ते भिंगाखाली धरून म्हणाले, "फोटोत घाबरलेली दिसतेस."

"घाबरलेच होते, काका."

"मग फोटो अस्सल आहे," असं म्हणून त्यांनी ते मला परत दिलं.

मला लिहिण्याची सवय नाही. वडील वाशीमला एका शाळेत शिपाई आहेत, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मँचेस्टरला मास्टर्सला आले तेव्हा दोन वाक्यं बोलायची तरी आधी मनात जुळवून घ्यायचे. अशा वेळी मराठी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज आला, की एका वयस्कर बाईंसोबत दुपारी बसायला मराठी बोलणारी मुलगी हवी आहे. ट्रामच्या शेवटच्या स्टॉपपासून थोडं चालत, विटांच्या एकसारख्या घरांच्या रांगेत त्यांचं घर होतं. दार काकांनी उघडलं. तब्येतीनं बारीक, पाठीत किंचित वाकलेले, कोपरावर ठिगळ लावलेलं कार्डिगन.

मी सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून नेली होती. त्यांनी फोल्डर उघडलाच नाही. विचारलं, "तुला गप्प बसता येतं?"

"हो."

"मग जमेल. हिला प्रश्न विचारायचे नाहीत. 'मला ओळखलं का' हे तर कधीच नाही. परीक्षा सगळ्या तू कॉलेजात दे."

काकूंची स्मृती जात चालली होती, हे मला तेव्हा कळलं.

काका भुलीचे डॉक्टर होते. तरुणपणी इथे आले आणि एकाच हॉस्पिटलात निवृत्त झाले. "आयुष्यभर लोकांना झोपवलं मी," ते म्हणायचे, "आता घरच्या एका बाईला झोपवता येत नाही." काकू रात्री उठून घरभर फिरायच्या. काका त्यांच्या मागे मागे दिवे लावत जायचे.

आणि त्या घरात पदकं होती. सगळी चिनी, किंवा चिनी माणसांना मिळालेली. मागच्या खोलीत उथळ कप्प्यांचं एक लाकडी कपाट होतं. प्रत्येक कप्प्यात निळं मखमली कापड आणि त्यावर पदकं. एकावर दोन ड्रॅगन, एकावर पट्टेरी वाघ, एकावर धान्याचं कणीस. बाकीची बरीचशी साधी, गोल, तपकिरी. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी चीनमधून मजूर नेले होते, खंदक खणायला आणि ओझी वाहायला. त्यांना दिलेली ही पदकं. गोऱ्या सैनिकाला चांदीचं, त्यांना ब्राँझचं. त्यांच्या पदकांच्या कडेवर नावही नाही, फक्त नंबर.

"हीच का गोळा केलीत?" मी एकदा धीर करून विचारलं.

"स्वस्त होती," काका म्हणाले. मग कप्पा आत सारत म्हणाले, "मी नवीन होतो. शनिवारी बाजारात एका टेबलावर पदकांचा ट्रे होता. दुकानदार म्हणाला, ही चिनी आहेत, कोणाला वाचता येत नाहीत, एका प्लेट चिप्सच्या पैशांत घेऊन जा. मला हसू आलं. आमच्या हॉस्पिटलात माझं तरी नाव कोणाला वाचता येत होतं? सगळे 'डॉक' म्हणून मोकळे व्हायचे. म्हटलं, चला, आपण एकमेकांना सोबत करू."

काकूंना या छंदाचं कौतुक कधीच नव्हतं. त्यांचे वडील साताऱ्याकडचे, दुसऱ्या महायुद्धात लढून आलेले हवालदार. डोकं ठिकाणावर असलेल्या दिवशी काकू काकांना अजूनही टोमणा मारायच्या.

"आमच्या अण्णांनी गोळ्या झेलून बिल्ले मिळवले. आणि हे बघा, हे पैसे देऊन आणतात!"

"अगं, मला कोण देणार? मी लोकांना फक्त झोपवलं."

"तेच. झोपवल्याचा बिल्ला कोणी देतं का?"

आणि काका इतके खूश व्हायचे, की मला आधी कळायचंच नाही. मग लक्षात आलं. टोमणा आला म्हणजे त्या दिवशी काकू घरात होत्या.

कणसाच्या पदकावरून तर मोठा वाद झाला. मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "ज्वारीचं आहे." काकू म्हणाल्या, "भाताचं." मी म्हटलं, "काकू, भाताचं कणीस असं वाकतं, हे ताठ आहे." काकू म्हणाल्या, "पोरी, तुझ्या वऱ्हाडात भात पाहिलास का कधी?" काकांनी शांतपणे तळवा पुसला, पदक खिडकीशी नेलं, भिंग लावलं. आम्ही दोघी निकालाची वाट बघत उभ्या. ते म्हणाले, "हा ब्रेड आहे." काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. तसं हसणं मी त्यानंतर फार वेळा ऐकलं नाही.

काकांची आणखी एक रीत होती. स्वयंपाकघरात एक पांढरा बोर्ड होता. स्मृती जाणाऱ्या माणसासाठी असा बोर्ड ठेवा, त्यावर वार आणि तारीख लिहा, असं इथल्या नर्सेस सांगतात. काका रोज सकाळी वार लिहायचे, तारीख लिहायचे आणि खाली तिथी लिहायचे. त्यांचं म्हणणं असं, की तारीख वाचून काकूंना काही होत नाही, पण तिथी वाचली की हात कामाला लागतात. ते खरंच होतं. एकादशी वाचली की काकू साबुदाण्याचा डबा शोधायच्या. संकष्टीला खिडकीशी बसून चंद्राची वाट बघायच्या. मँचेस्टरच्या ढगांत चंद्र कुठून दिसणार? काका अंगात कोट घालून मागच्या अंगणात जायचे, कुंपणाशी थोडं थांबायचे आणि आत येऊन म्हणायचे, "दिसला." मग काकू जेवायच्या.

एका रविवारी काका आम्हा दोघींना घेऊन जवळच्या टाउन हॉलमध्ये भरलेल्या लष्करी वस्तूंच्या बाजारात गेले. असे बाजार इथे बरेच भरतात. लांबच लांब टेबलं, जुन्या टोप्या, बटणं, गणवेश, आणि मागे थर्मासमधून चहा पिणारे म्हातारे. सगळे काकांना ओळखत होते. एक दाढीवाला दुकानदार म्हणाला, "डॉक, तुझ्या घरात आणखी एक घर लपलंय, माहीत आहे ना?"

गेल्या काही वर्षांत चिनी पदकांचे भाव चढत चालले होते. जी पूर्वी 'इतर' असं लिहिलेल्या ट्रेमध्ये धूळ खायची, त्यांचे आता वेगळे लिलाव होतात. आपल्या देशाबाहेर गेलेल्या वस्तू परत घ्याव्यात असं चीनमधल्या लोकांना वाटू लागलंय, आणि त्यांच्याकडे पैसा आहे. त्या हॉलमध्येही माझ्याच वयाचा एक चिनी विद्यार्थी फोन टेबलावर धरून हिंडत होता. फोनच्या पलीकडून कोणीतरी भराभर बोलत होतं. काकांनी त्याला खिशातली एक छोटी पदकाची डबी दाखवली, वाचून दाखव म्हणाले. त्यानं डबी घेतली, अदबीनं फिरवली आणि म्हणाला, "सर, तुम्ही ही उलटी धरली होती."

काका कितीतरी वेळ हसत होते. "इतकी वर्षं भिंग लावून उलटं वाचलं मी!"

परत निघताना त्यांनी एका टेबलावर तसंच तपकिरी ब्राँझचं पदक पाहिलं, किंमत विचारली आणि हळूच जागेवर ठेवलं. मला म्हणाले, "आता मला माझंच परवडत नाही बघ."

त्याच दिवशी मी त्यांना दुखावलेलं पाहिलं. एक इंग्लिश बाई आजोबांचं पदक घेऊन आल्या होत्या. ते वेगळं, विजयाचं पदक, जे गोऱ्यांनाही ब्राँझचंच मिळायचं, पण नव्या तांब्याच्या भांड्यासारखं लखलखत होतं. बाई अभिमानानं म्हणाल्या, "तुम्हाला दाखवायचं म्हणून काल बसून चकचकीत केलं." काकांनी तळवा पुसला, पदक घेतलं, बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "तुमच्या आजोबांना आवडलं असतं." बाई खूश होऊन गेल्या. मग काका खुर्चीवर बसले.

"काय झालं, काका?"

"कातडं सोललं गं त्याचं. तो तपकिरी रंग चढायला शंभर वर्षं लागतात. उतरवायला एक दुपार पुरते. परत लावता येत नाही."

"आणि किंमत?"

"चौथाई राहते. कधी तेवढीही नाही. घेणाऱ्याला जुनं हवं असतं, स्वच्छ नको असतं."

काकू शेजारी बसून सँडविच खात होत्या. त्या म्हणाल्या, "काळं पडलेलं काय ठेवायचं घरात?" काकांनी त्यांच्या हनुवटीवरचा तुकडा रुमालानं टिपला आणि विषय संपला.

उन्हाळ्याच्या शेवटी काकू जिन्यात पडल्या. हाड मोडलं नाही, पण त्यांना उचलताना काकांची कंबर धरली ती धरलीच. कौन्सिलकडून सोशल वर्कर आली. तिनं खूप समजुतीनं सांगितलं, की दिवसातून थोडा वेळ माणूस पाठवता येईल, पण रात्रंदिवस घरात राहणारं कोणी हवं असेल तर तो खर्च तुम्हालाच करावा लागेल. नाहीतर केअर होमचा विचार करा.

काका-काकूंची मुलगी, इथेच वाढलेली, बर्मिंगहॅमला असते, तीही हॉस्पिटलमध्येच नोकरीला. ती दर रविवारी फोन करायची. फोन स्पीकरवर असायचा.

"बाबा, आई होममध्ये सेफ राहील. तुझा कंबर बघ. तू पण पडला तर?"

"ती इथेच राहील."

"बाबा, प्लीज. प्रॅक्टिकल हो ना."

"अगं, तिला या घरातला संडास सापडत नाही. नव्या घरात ती स्वतःला कुठे शोधणार?"

मुलगी वाईट नव्हती, हे मला सांगायलाच हवं. फोन ठेवताना तिचा आवाज दर वेळी ओला व्हायचा.

त्या आठवड्यात काकांनी कपाट उघडलं. सगळे कप्पे बाहेर काढले आणि बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "ही पदकं इथून गेली की काकू इथे राहते. हिशेब सोपा आहे." लिलाव कंपनीत त्यांच्या ओळखीचा एक माणूस होता. फोनवरच तो इतका उत्साहात आला की काकांना फोन कानापासून लांब धरावा लागला. चांगल्या स्थितीतला इतका मोठा चिनी संग्रह एकत्र येणं दुर्मिळ, असं तो म्हणाला. पदकं विकून घरात राहणारी बाई ठेवता येईल, निदान काही वर्षं. काकूंकडे तेवढीच वर्षं असतील, असं काका साध्या आवाजात म्हणाले. डॉक्टर लोक असं बोलू शकतात.

तो माणूस पदकं न्यायला येणार होता तो दिवस नेमका दसऱ्याचा. काकांना त्याची गंमत वाटली. मला म्हणाले, "दरवर्षी पानं वाटतो. यंदा खरंच सोनं लुटू."

मला त्यांच्याकडे त्या आठवड्यात रोज बोलावलं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी ट्राममधून उतरून चालत निघाले, तर कोपऱ्यावर काका भेटले. हातात केमिस्टची कागदी पिशवी. काकूंच्या गोळ्या संपल्या होत्या, म्हणून पटकन जाऊन आले होते. केमिस्टकडे रांग होती. चालता चालता सांगत होते, की सगळी पदकं डायनिंग टेबलावर मांडून ठेवलीयेत, तू कागदात गुंडाळायला मदत कर, फक्त बोटं लावू नकोस, कडेनं धर.

दार उघडलं आणि वास आला. आंबट, ओळखीचा. आमच्या घरी सणाच्या आदल्या दिवशी यायचा तसा. चिंचेचा.

काकू डायनिंग टेबलाशी उभ्या होत्या. बाह्या वर सरकवलेल्या, कोपरापर्यंत हात तपकिरी. समोर स्टीलच्या पातेल्यात चिंचेचा कोळ आणि मीठ. बाजूला रांगोळीचा डबा उघडा, भांड्याला शेवटचा हात देतात तशी कोरडी रांगोळी फडक्यावर घेतलेली. आणि टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर सगळी पदकं ओळीनं मांडलेली होती. फिती वेगळ्या करून, धुऊन, खुर्चीच्या पाठीवर वाळत घातल्या होत्या. ड्रॅगनवरचा सोन्याचा मुलामा जागोजागी निघून खाली पांढरी चांदी दिसत होती. वाघाचे पट्टे पुसट झाले होते. आणि ती मजुरांची ब्राँझची पदकं, सगळ्यांत जास्त मेहनत त्यांच्यावर घेतलेली, गुलाबी तांब्यासारखी झळकत होती. प्रत्येकावर हळदीकुंकवाचं एकेक बोट.

मी काकांकडे पाहिलं नाही. मला धीर झाला नाही. मी स्वयंपाकघरातल्या बोर्डाकडे पाहिलं. त्यावर सकाळी काकांनीच लिहिलं होतं, 'आज खंडेनवमी.'

आमच्याकडे खंडेनवमीला विळे, कुऱ्हाडी, हत्यारांच्या पेटीतले पाने-पकडी धुऊन पुजतात. हवालदाराच्या घरात काय धुऊन पुजत असतील, ते आता वेगळं सांगायला नको.

काकूंनी वर पाहिलं. चेहरा घामेजलेला आणि इतका मोकळा, की त्या एकदम तरुण दिसल्या. "किती काळवंडले होते अण्णांचे बिल्ले!" त्या म्हणाल्या. "कोणाचं लक्षच नाही घरात. संध्याकाळी येतील अण्णा, तेव्हा बघतील."

काका दारातच उभे होते. केमिस्टची पिशवी त्यांच्या हातात चुरगळत होती. पिशवीचा तेवढा आवाज येत होता. मला वाटलं ते आता खाली बसतील, किंवा ओरडतील. ओरडले असते तर मला समजलं असतं.

त्यांनी पिशवी ठेवली. तळवा स्वेटरला पुसला. टेबलाशी जाऊन एक पदक उचललं, पण भिंग काढलं नाही.

"छान झालेत," ते म्हणाले.

"फूल नाही वाहायला," काकू म्हणाल्या.

"आणतो." काका मागच्या अंगणात गेले. मी खिडकीतून बघत होते. थंडीनं बहुतेक झाडं झडली होती. ते कुंपणाशी, संकष्टीला जिथे उभे राहायचे तिथेच, पाठ करून बराच वेळ उभे होते. आत आले तेव्हा हातात एक झेंडूचं बारकं फूल होतं. आम्ही तिघांनी पूजा केली. काकूंनी खडीसाखर वाटली.

दुसऱ्या दिवशी लिलाव कंपनीचा माणूस आला. तरुण, नीट भांग पाडलेला, सोबत पदकं ठेवायच्या पेट्या. काकांनी त्याला आधी काहीच सांगितलं नव्हतं. मी विचारलं होतं, फोन करून सांगू का? ते म्हणाले, "माणूस येतोय तर चहा पिऊन जाईल."

त्यानं पातळ हातमोजे घातले, पहिलं पदक उचललं, दुसरं उचललं. मग हातमोजे काढून ठेवले. तेवढ्यावरून मला सगळं कळलं.

"डॉक्टर," तो अगदी हळू म्हणाला, "हे कोणी केलं?"

काकू खिडकीपाशी बसल्या होत्या. त्या कौतुकाची वाट बघत असाव्यात असं मला वाटलं.

"मी," काका म्हणाले.

"तुम्ही?"

"मीच. विकायला जाणार म्हटल्यावर जरा चांगली दिसावीत असं वाटलं. म्हातारपणी डोकं चालत नाही."

त्या माणसानं त्यांच्याकडे पाहिलं. अनेक वर्षं बाजारात उभे राहून लोकांना 'पुसू नका, पुसू नका' सांगणारे काका त्याच्यासमोर मान खाली घालून बसले होते. त्यानं विश्वास ठेवला का, मला माहीत नाही. पण चहा घेतला. जाताना म्हणाला, साध्या विक्रीत घालता येतील, पण मी त्याचा सल्ला देणार नाही. काका म्हणाले, "राहू दे. घरात बरी दिसतात."

पुढच्या रविवारी बाजारात बातमी पोचली होती, असं नंतर कळलं. डॉकनं स्वतःच्या हातानं पदकं घासली, असं लोक हसून सांगायचे. काका त्यानंतर बाजारात गेले नाहीत.

हिवाळ्यात काकू पुन्हा पडल्या. आता काकांकडे मुलीला सांगायला काही उरलं नव्हतं. घर विकायला काढलं आणि दोघं बर्मिंगहॅमला गेले. काकू होममध्ये, काका मुलीकडे. सामान बांधायला मी गेले होते. बोर्ड मी पुसायला घेतला, तर काका म्हणाले, "असू दे. नवीन लोक पुसतील." पदकं त्यांनी एका बिस्किटांच्या डब्यात भरली होती. कप्प्यांचं कपाट मागेच राहिलं.

काका या वसंतात गेले. मुलीनं मेसेज केला होता. मी तेव्हा नोकरीच्या शोधात ब्रॅकनेलला होते आणि इंटरव्ह्यू चुकवायचा धीर मला झाला नाही. त्याचं मला वाईट वाटतं, पण त्याबद्दल लिहायला मी बसले नाही. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते मला सांगायचं आहे.

त्याआधीच्या शरद ऋतूत एका शनिवारी मी बर्मिंगहॅमला गेले होते. होमचा कॉरिडॉर लांब, दोन्हीकडे एकसारखी दारं. अशा ठिकाणी प्रत्येक दाराशेजारी भिंतीत काचेची एक लहान पेटी असते. आपली खोली ओळखता यावी म्हणून त्यात आपल्या ओळखीच्या वस्तू ठेवतात. कोणाच्या पेटीत लग्नाचा फोटो, कोणाच्या पेटीत फुटबॉलचा मफलर. काकूंच्या दाराशी काका खुर्ची टाकून बसले होते. पेटीची काच उघडी होती. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर ती ब्राँझची पदकं, आणि हातात फडकं. ते एक पदक घासत होते. जोर लावून, ओठ आवळून.

मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं.

"ये. बस." ते थांबले नाहीत. "लग्नाचा फोटो ठेवला होता आधी. बघायचीच नाही. ही ठेवली तर लांबून चमकतात, आणि ती बरोबर थांबते. पण काळी पडतात गं लवकर. काल ती पुढे निघून गेली. त्या टोकाला एका गोऱ्या म्हाताऱ्याच्या पलंगावर जाऊन बसली."

"मी करू का काका थोडी?"

"कर. कडेनं धरायची गरज नाही आता."

मी फडकं घेतलं. माझ्या हातातल्या पदकावरचा इंग्लंडच्या राजाचा चेहरा जवळजवळ गेला होता. कडेवरचा नंबर बोटाला लागत होता, डोळ्यांना दिसत नव्हता. आम्ही दोघं घासत राहिलो. काकांचं अंगठ्याचं नख काळं झालं होतं. कॉरिडॉरच्या टोकाला जेवणाच्या खोलीतून लोक परतायला लागले, तेव्हा त्यांनी घाईघाईनं पदकं पेटीत लावली, काच बंद केली आणि खुर्ची बाजूला ओढून उभे राहिले.

काकू एका नर्सचा हात धरून येत होत्या. खूप वाळल्या होत्या. एक दार गेलं, दुसरं गेलं. काका श्वास रोखून बघत होते. आमच्यापाशी आल्यावर काकूंची नजर आमच्यावरून सरळ निघून गेली आणि पेटीवर थांबली. त्यांनी नर्सचा हात सोडला.

"हीच आमची खोली," त्या म्हणाल्या. "अण्णांचे बिल्ले आहेत."

मग त्यांनी काकांकडे पाहिलं. आपल्या दारात कोणी परका माणूस उभा असावा, तसं. पदर नव्हता, तरी खांद्यावर हात जाऊन आला.

"तुम्ही अण्णांकडे आलात का?" त्यांनी विचारलं. "येतीलच इतक्यात. असे बाहेर का उभे? या ना, बसा."

काकांनी फडकं घडी करून खिशात घातलं. तळवे स्वेटरला पुसले.

"हो," ते म्हणाले, "बसतो थोडा वेळ," आणि पाहुण्यासारखे बूट दाराशी काढून आत गेले.